शिक्केवाल्याची गिटार

माझा दादा एका जागी शांत बसलेला मी आयुष्यात दोनदाच पाहिला. पहिल्यांदा तो सात वर्षांचा होता आणि त्याला बांधून ठेवलं होतं. दुसऱ्यांदा तो एकोणसाठ वर्षांचा होता आणि कोणीही बांधलं नव्हतं. मधली बावन्न वर्षं या माणसाच्या पायाला भिंगरी आणि हाताला खाज. चहा उभ्यानं, जेवण अर्ध्यात उठून, झोपेतसुद्धा उशीच्या अभ्र्याची शिवण नखानं उसवायची. ती शिवण मलाच परत घालावी लागते, म्हणून मला माहीत.

बांधायचे आमचे वडील. दादा डावखुरा होता आणि वडिलांना ते खपत नव्हतं. रोज संध्याकाळी शुद्धलेखनाच्या वेळी त्याचा डावा हात फडक्यानं खुर्चीच्या पाठीला बांधायचा आणि उजव्या हातात पेन्सिल द्यायची, असा नियम. गाठ मारायचं काम माझ्याकडे होतं. मी पाच वर्षांची, गाठ मारायला नुकतीच शिकलेली, आणि आपल्याला काम दिलं म्हणून फुशारले होते. ते आठवलं की अजून मला माझाच राग येतो.

तर दादा उजव्या हातानं लिहायला शिकला. पण पुढे रबरी शिक्क्यांच्या दुकानात कामाला लागला, तिथं कोरायचं पातं त्यानं डाव्या हातात धरलं आणि मालकानं काही म्हटलं नाही. मालक थकल्यावर दुकान दादाचंच झालं. आता साधे शिक्के कॉम्प्युटर करतो, पण सह्यांचे, चित्रांचे शिक्के दादा अजून हातानंच कोरतो. शिक्का उलटा कोरावा लागतो, तेव्हा कागदावर सुलट उमटतो. पस्तीस वर्षं हेच केल्यामुळे उलट आणि सुलट यांतला फरक त्याच्या डोळ्यांतून कधीच पुसला गेलाय. अँब्युलन्सच्या तोंडावर अक्षरं उलटी लिहिलेली असतात, हे मी दाखवेपर्यंत त्याला ठाऊक नव्हतं. तो सरळ वाचून मोकळा होत असे.

खाली दुकान, वर आमच्या तीन खोल्या. वहिनी गेली तेव्हा तिची पोरगी चार वर्षांची होती. मी माझं शिलाई मशीन आणि कपडे चढवून बघायचा पुतळा घेऊन दोन महिन्यांसाठी इथं आले, ती आजतागायत इथंच आहे. पोरीला आम्ही बुटकी म्हणायचो. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

बुटकी गिटार वाजवते. विजेवरची, जिचा आवाज स्पीकरमधून काढावा लागतो ती. शाळेपासून शिकली, शिकवण्या घेऊन स्वतःची गिटार घेतली, आणि तेविसाव्या वर्षी एका बँडबरोबर तिचा पहिला खरा कार्यक्रम ठरला. त्याच्या चार दिवस आधी ती सहज म्हणाली की एका तारेचा सूर जरा खरखरतोय. म्हणाली आणि मैत्रिणीकडे राहायला गेली. झालं. दादाच्या कानावर "खरखरतोय" हा शब्द पडला होता, आणि घरात गिटार एकटी होती.

रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी म्हणतात, तसं. त्यानं मानेच्या टोकाची, तारा धरून ठेवणारी खाचांची पट्टी जराशी घासली. मग दुसरी तार खरखरायला लागली. म्हणून मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या घासल्या. मग सगळ्याच तारा खरखरल्या. म्हणून मानच घासली. दुसऱ्या दिवशी बुटकी परत आली तेव्हा गिटार दिसायला छान चकचकीत होती आणि तिच्यातून एकही सूर निघत नव्हता.

पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं गिटार कपाटात उभी केली, पिशवी भरली आणि दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, तुम्हाला एखादी गोष्ट जशी आहे तशी राहू देताच येत नाही का?" दादा म्हणाला, "मी नीट करत होतो गं." ती म्हणाली, "तेच." कार्यक्रम तिनं कोणाची तरी गिटार मागून केला. घरी मात्र आली नाही. आठ महिने ती मैत्रिणीच्या खोलीवर राहिली. दर आठवड्याला मला फोन करायची आणि बाबांचा विषय काढला की म्हणायची, "आत्या, मशीनचा आवाज येतोय, नंतर बोलू." माझं मशीन बंद असायचं.

मग सहाव्या महिन्यात एकदा फोनवर तिनं सांगितलं की प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये तिला काम मिळालंय. अकरा आठवड्यांनी निघायचं, वर्षभर परत नाही. निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, ती तिचे दाखले आणि गरम कपडे न्यायला येणार होती.

मी हे दादाला सांगितलं तेव्हा तो खिडकीची कडी उघडत-लावत होता. कडी उघडी राहिली. मग म्हणाला, "अकरा आठवडे म्हणजे सत्त्याहत्तर दिवस. मी तिला गिटार करून देतो."

"विकत आण."

"विकत ती आणेल. मी मोडली, मी करणार."

माझ्या दादाला माफी मागता येत नाही. जिभेवर येते आणि हातात उतरते. वहिनीशी भांडला की न सांगता तिची छत्री दुरुस्त करायचा. शेवटी शेवटी घरात पाच धड छत्र्या होत्या.

मी एकच अट घातली. बुटकीच्या जुन्या गिटारला आता त्यानं हात लावायचा नाही. माप घ्यायला एक दुपार मिळेल, मी समोर बसेन, आणि नंतर ती कपाटात जाईल आणि किल्ली माझ्याकडे राहील. तो कबूल झाला. माझा कटिंगचा खाकी कागद जमिनीवर पसरला, गिटार त्यावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली, आणि तारांच्या, पट्ट्यांच्या, बटणांच्या जागा मोजून टाचणीनं कागदाला भोकं पाडून घेतल्या. केसाइतकाही फरक नाही. शिक्के कोरणारा हात आहे तो, उगाच नाही. मग त्यानं आकार कापला. मी गिटार कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कात्रीच्या दोरीला बांधून गळ्यात घातली. मला माझ्या शहाणपणाचं भारी कौतुक वाटलं. ते किती महागात पडणार होतं, याची तेव्हा कल्पना नव्हती.

लाकूड दुकानातलंच होतं. जुन्या काउंटरची फळी, दोन बोटं जाड, काचेचा काउंटर आल्यापासून जिन्याखाली पडलेली. दादानं माझ्यादेखत तो कागद उचलला, पालथा घातला आणि फळीवर चिकटवला. मी पाहिलं. आयुष्यभर कापड कापत आले, कापडाची सुलट बाजू मला अंधारातही बोटांना कळते. पण मी कापड दुहेरी घडी घालून कापते, दोन्ही बाजू एकदम निघतात, आणि कागद पालथा पडला तरी माझं कधी बिघडत नाही. म्हणून मीही गप्प बसले. हा माणूस पस्तीस वर्षं सुलट चित्र उचलतो आणि पालथं घालून कोरतो. त्या दिवशीही त्यानं तेच केलं, आणि आपण काही केलं हेही त्याला कळलं नाही.

पुढचे पाच आठवडे घरात भुसा. भुसा चहात, भुसा माझ्या गिऱ्हाइकांच्या अस्तरात. करवत, पटाशी, रंधा, आणि या सगळ्यांच्या मध्ये दादाच्या फेऱ्या. दहा मिनिटं घासायचं, उठायचं, दुकानात जाऊन यायचं, परत दहा मिनिटं. मान त्यानं काउंटरच्या पायातून काढली. तारांखाली बसवायचे, आवाज पकडणारे चुंबकाचे डबे शेजारच्या मोटर वाइंडिंगवाल्यानं गुंडाळून दिले. केसासारखी तार, सात हजार वेढे. वाइंडिंगवाला मला म्हणाला, "ताई, मी वेढे मोजत होतो आणि तुमचे दादा माझ्याभोवती वेढे घालत होते. दोनदा चुकलो."

मग रंगाची पाळी आली तेव्हा फळीनं रंग दाखवला. पंचवीस वर्षं त्या काउंटरवर शिक्क्याची जांभळी शाई सांडली होती, ती लाकडात खोलवर मुरली होती. घासावं तितके डाग वर येत. दादा दोन दिवस चिडून घासत राहिला. शेवटी मीच म्हणाले, "डाग जात नसेल तर सगळं कापडच त्या रंगात बुडवतात." तो उठून खाली गेला आणि शाईची बाटली घेऊन आला. चिंधीनं पुसत पुसत त्यानं अख्खी गिटार जांभळी केली. कुठं गडद, कुठं फिकी, लाकडाच्या रेषा आतून दिसतात. खरं सांगते, मला ती फार सुंदर वाटली. त्याला तसं सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "कड जरा घासू का?"

खरी कसोटी पुढे होती. शाईवर पारदर्शक लॅकरचे थर मारायचे. थर मारायला पाच मिनिटं, वाळायला एक दिवस. असे आठ थर, मधे बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासणं, आणि शेवटच्या थरानंतर तीन आठवडे नुसतं टांगून ठेवणं. काहीही न करणं हाच त्या कामाचा मोठा भाग होता, आणि तेवढंच माझ्या दादाला येत नव्हतं.

पहिला थर दिला आणि अर्ध्या तासात हा बघायला गेला.

"वाळलं का ते बोट लावल्याशिवाय कसं कळणार?"

"बोट लावलंस तर वाळलेलं कधीच कळणार नाही."

मी म्हणेपर्यंत मागच्या बाजूला अंगठ्याचा स्पष्ट ठसा. घासला, परत थर दिला. तिसऱ्या थराला पुन्हा ठसा. पाचव्याला मी गिटार माझ्या शिलाईच्या खोलीत खिडकीशी टांगली आणि खोलीला कुलूप घातलं. आता गळ्यात दोन किल्ल्या. बाहेर याच्या येरझाऱ्या. हात रिकामे राहवेनात म्हणून त्यानं स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागऱ्या बदलल्या. ते दार तेव्हापासून लागत नाही. नळ दुरुस्त केला, मग नळवाल्याला बोलवावं लागलं. एकदा मी गिऱ्हाइकाचं माप घेत होते आणि दाराच्या फटीतून आवाज आला, "वास कमी झाला का गं?" बाई दचकली. परत आली नाही.

त्याच्यावर चिडत होते खरी, पण मीही काही शांत नव्हते. शिवताना मान वर झाली की समोर ती जांभळी वस्तू हलकेच फिरत असायची. पोरगी आली आणि बघून न बघितल्यासारखं करून निघून गेली तर? वर्षभर समुद्रावर. दादा तोंडानं काही बोलणार नाही, तीही बापाचीच लेक. दोघंही मूग गिळून बसणारे, आणि मधे मी. दोन-तीन शिवणी तेव्हा मी वाकड्या मारल्या.

शेवटच्या शनिवारी दादानं तारा चढवल्या. कागदावरच्या खुणेप्रमाणे जाड तार जिथली तिथं, बारीक तार जिथली तिथं. मी माझ्याकडच्या काळ्या जाड कापडाचा पट्टा शिवला होता. लांबी जमते का बघावी म्हणून गिटार पुतळ्याच्या खांद्याला अडकवली आणि फोनमध्ये बुटकीचा कार्यक्रमातला फोटो काढून शेजारी धरला. फोटोत गिटारची मान माझ्या उजवीकडे गेलेली. पुतळ्यावर ती डावीकडे गेली होती.

मी पट्टा सोडून पुन्हा अडकवला. मग गिटार फिरवून पाहिली, तर बटणं वर आली आणि जाड तार तळाला गेली. मी दादाला हाक मारली.

तो फोनवर वाकला. मग म्हणाला, "फोटो उलटा असेल. आरशात काढतात तसा."

"मागं फलक आहे बघ, त्यावरची अक्षरं वाच."

त्यानं न अडखळता वाचली. पण त्याची साक्ष काय कामाची, तो दोन्हीकडून सारखंच वाचतो. मी चष्मा लावून वाचलं. अक्षरं सुलट होती. मी गळ्यातली किल्ली काढून कपाट उघडलं, जुनी गिटार बाहेर आणली आणि पुतळ्याशेजारी धरली. दोघी शेजारी शेजारी, जणू मधे आरसा. दादानं अकरा आठवडे खपून गिटारचा शिक्का केला होता.

तो तडक स्वयंपाकघरात गेला आणि करवत घेऊन आला. "वरचं शिंगासारखं टोक कापतो, खाली जोडतो. बटणांची भोकं बुजवतो. उद्या सकाळपर्यंत..."

"करवत ठेव."

"तिला वाजवता येणार नाही ही."

"माहीत आहे. ठेव."

"मग मी तिला काय देऊ?" असं म्हणताना त्याचा आवाज चिरकला. एवढा मोठा माणूस हातात करवत धरून उभा, आणि मला तो खुर्चीला बांधलेला सात वर्षांचा पोरगाच दिसला. मी करवत काढून घेतली. तो चपला घालून बाहेर पडला आणि दिवे लागल्यावर परत आला, गुडघे दुखेपर्यंत चालून. मी तोवर दोन्ही गिटारी बुटकीच्या कपाटात शेजारी शेजारी ठेवून कुलूप घातलं होतं. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता.

रविवारी अकराला बुटकी आली. खांद्यावर तिची नवी, म्हणजे कोणाची तरी जुनी, गिटार. इथूनच परस्पर बंदरावर जायचं होतं, उद्या जहाज सुटणार होतं. मला मिठी मारली, बापाकडे बघून मान हलवली. दादा म्हणाला, "पाणी आणतो," आणि आणलं. मग परत म्हणाला, "पाणी आणतो." तिसऱ्यांदा पाणी आणलं तेव्हा मी बुटकीच्या हातात कपाटाची किल्ली ठेवली. "दाखले आतच आहेत."

ती आत गेली. कपाटाचं दार करकरलं. दादा गॅलरीच्या दारापासून स्वयंपाकघराच्या न लागणाऱ्या दारापर्यंत आणि परत. मग ती जांभळी गिटार हातात घेऊन बाहेर आली.

"बाबा, ही तुम्ही केली?"

"हो."

तिनं ती मांडीवर घेतली, उलटी केली, परत सुलटी केली. मानेवरून बोटं फिरवली, एक एक पट्टी तपासल्यासारखी. मागं हात गेला तेव्हा थांबली. सगळं घासूनही एक अंगठा राहून गेला होता, लॅकरच्या आत. माझं कुलूप लागायच्या आधीचा.

"ही डाव्या हाताची आहे."

"माहीत आहे."

"मुद्दाम केली?"

त्या घडीला हो म्हटलं असतं तरी खपलं असतं. मी मनात म्हणत होते, म्हण हो. दादा म्हणाला, "नाही. चुकली. तुला करायला गेलो आणि सवयीनं कागद पालथा घातला." मग खाली बघत म्हणाला, "तुझ्या गिटारला मी हात लावायला नको होता."

"नकोच होता," बुटकी म्हणाली. "आठ महिने मी हेच म्हणतेय, मनात." तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. "मला वाटायचं, बाबांना एवढंसुद्धा म्हणता येत नाही."

"येत नव्हतं," दादा म्हणाला.

मग ती वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "आत्या, बाबा कोरतात कुठल्या हातानं?"

"डाव्या," मी म्हणाले. "तो डावखुराच आहे. लिहितो तेवढा उजव्यानं. का ते नंतर सांगेन."

तिनं खुर्ची ओढली, तीच, वडिलांच्या घरून आलेली जुनी, सरळ पाठीची, आणि बापाला तीत बसवलं. पट्टा त्याच्या खांद्यावर टाकला. जांभळी गिटार त्याच्या मांडीवर अशी बसली, जशी मापानं शिवली असावी. स्वतः त्याच्या समोर स्टूल घेऊन बसली, आपली गिटार मांडीवर घेऊन. तिची मान ज्या बाजूला, त्याचीही त्याच बाजूला.

"माझ्याकडे बघा आणि जे दिसेल तेच करा. आरशात बघितल्यासारखं. तुम्हाला सोपं जाईल."

त्यानं बोट ठेवलं. "दुखतंय," म्हणाला.

"दुखणारच. आता डाव्या हातानं तार छेडा."

त्यानं छेडली. स्पीकर नव्हता, आवाज इवलासा निघाला. मी उठून पंखा बंद केला. दादाचं बोट लगेच उचललं गेलं, सूर तुटला.

"बाबा, बोट उचलायचं नाही," बुटकी म्हणाली. "आवाज आपला आपण संपतो. तोवर थांबायचं."

त्यानं पुन्हा छेडली आणि थांबला. गुडघा हलला नाही, टाच आपटली नाही. मी केलेला चहा टेबलावर निवत होता, त्याच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. सूर बारीक होत होत कुठं संपला, ते मला कळलं नाही. बुटकीनं आपलं बोट उचललं होतं. दादानं अजून उचललं नव्हतं.